एका किड्याचा दहा हजारावा भाग

रियाधच्या ज्या विद्यापीठात मी गणिती जीवशास्त्रात डॉक्टरेट करायला गेलो, तिथे आमच्या विभागात जिवंत म्हणता येईल असं एकच खजुराचं रोप होतं. उद्घाटनाला आलेल्या कुणा मोठ्या माणसाने “गणित दिसलं, जीवशास्त्र कुठे आहे?” असं विचारलं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी पितळी कुंडीत आणून ठेवलं गेलं. एअरकंडिशनरच्या गारठ्यात ते दोन महिन्यांत मेलं. मग त्याच कुंडीत प्लास्टिकचं झाड आलं. त्यालाही रोज पाणी घातलं जाई, कारण पाणी घालणाऱ्या माणसाची जागा मंजूर झालेली होती.

तेलाचे भाव चढत होते ती ही वर्षं. इमारती आधी उभ्या राहत आणि त्यांत काय करायचं ते मागाहून ठरे. आमच्याकडे काचेआड ठेवलेला एक कॉम्प्युटर होता आणि पाहुणे आले की त्यांना तो प्राणिसंग्रहालयातल्या वाघासारखा दाखवला जाई. विभागप्रमुख इंग्लंडहून आणलेले होते. मायदेशी निवृत्त झाले आणि इथे येऊन पुन्हा तरुण झाले. कीटकांच्या लोकसंख्येवर ते तासभर बोलू शकत. पण एकदा त्यांच्या बाहीवर एक किडा बसला तेव्हा खुर्ची टाकून खोलीबाहेर गेले.

संशोधन करणारे आम्ही दोघेच मराठी होतो. दुसरे भाई. रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान, घराण्यात कुणी तांडेल, कुणी सुकटीचा व्यापारी. हे एकटेच शिकले. तालुक्याच्या कॉलेजात बारा वर्षं गणित शिकवून चाळिशीला टेकल्यावर इथे आले होते. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि पुण्याचा होतो, म्हणजे प्रत्येक गोष्टीवर मला मत होतं आणि ते विचारल्याशिवाय सांगायची सवय होती. भाईंना माझी मतं आवडत. “बोल रे पुणेकर,” ते म्हणत, “तुझा ऐकला की मला माझ्या कॉलेजचे प्रिन्सिपल आठवतात. त्यांनाही काही येत नसे.”

भाईंच्या करारात एक कलम होतं. पाच वर्षं ते विभागात शिकवणार, त्याच मुदतीत डॉक्टरेट करणार. झाली तर पक्की प्राध्यापकी, क्वार्टर, बायको-मुलींचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे चालू. नाही झाली तर पासपोर्टवर कायमचं परत जाण्याचा शिक्का, कुटुंबासकट. विद्यापीठ हाच त्यांचा कफील, म्हणजे त्यांची हमी घेणारा मालक, तेव्हा दाद मागायची ती विद्यापीठाकडेच. गावच्या कॉलेजातली जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. तिथे परतून ते काय करणार होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गावात मात्र ते आधीच डॉक्टर झाले होते. सासऱ्यांनी तसं जाहीर केलं होतं. लोक पत्रातून दुखणी कळवत. एका चुलत्याने मुतखड्याचा एक्स-रे पोस्टाने पाठवला होता. भाईंनी तो उजेडात धरून बघितला आणि मला म्हणाले, “आता ह्यांना काय लिहू? खजुराला असता तर सांगितला असता.”

कारण त्यांचा विषय खजूरच होता. खजुराच्या झाडावर एक खवलेकीड पडते, पानांना चिकटून रस शोषते. तिला खाणारा एक ढालकिडा असतो, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला. कीड वाढली की ढालकिडे वाढतात. त्यांनी कीड फस्त केली की उपाशी मरतात. ते मेले की कीड पुन्हा वाढते. ह्या पाठशिवणीची समीकरणं मांडायची, ती कॉम्प्युटरवर सोडवायची आणि बागवाल्यांना सांगायचं की ढालकिडे किती आणि कधी सोडावेत. मूळ समीकरण प्रमुखांचं होतं, आपल्या व्याख्यानांच्या टिपणांत त्यांनीच ते दिलं होतं. भाईंनी त्यावर पाच वर्षं घालवून असा निष्कर्ष काढला होता की ढालकिडे एकदाच सोडले तरी पुरतात. संख्या खाली जाते, पण दर हंगामात ते आपोआप परत येतात.

आमच्यात भाईच तेवढे बागांमध्ये जात. शहराबाहेर पिकअपमधून जाऊन बागेत राबणाऱ्या येमेनी माणसांशी बोलत, झाडावर चढत, पानं मोजत. प्रमुखांना हे फारसं पसंत नव्हतं. “आपण गणिती आहोत,” ते म्हणत.

दर शुक्रवारी मी भाईंकडे जेवायला असे. वहिनी मासे करत, मला ‘भावजी’ म्हणत आणि ताटात पडेल ते संपवायला लावत. दोन मुली होत्या, इंडियन स्कूलमध्ये जाणाऱ्या. आईने कोकणीत काही विचारलं की त्या इंग्रजीत उत्तर देत. अशी दोन-अडीच वर्षं मी त्या घरी जेवलो.

प्रबंध टायपिंगला द्यायच्या दोन दिवस आधीचा शुक्रवार. जेवणाला अवकाश होता. भाईंनी मला आकृत्या काढायला बसवलं होतं. कॉम्प्युटरच्या लांब घडीच्या कागदावर आकडे छापून आलेले, ते मी वाचायचे आणि आलेखाच्या कागदावर ठिपके द्यायचे. भाईंनी आधी काढलेल्या आकृत्यांत ढालकिड्यांची रेघ खाली यायची, तळाला टेकायची आणि थोडी पुढे जाऊन पुन्हा वर उचलायची. दिसायला सुंदर. ती तळाला टेकते तिथे नक्की किती आकडा आहे ते मी सहज पाहिलं.

शून्य दशांश शून्य शून्य शून्य एक. अख्ख्या बागेत मिळून एका ढालकिड्याचा दहा हजारावा भाग. आणि तेवढा तुकडा पुढच्या हंगामात अन्न शोधत होता, अंडी घालत होता आणि हजारोंनी वाढत होता. हे फक्त समीकरणातच घडू शकतं, कारण समीकरणाला अर्धा किडा आणि पाव किडा सारखेच जिवंत वाटतात. बागेत तो ढालकिडा कधीच मेलेला होता. म्हणजे भाईंचा निष्कर्ष मेलेल्या किड्याने अंडी घालण्यावर उभा होता.

ह्याचं औषधही मला तिथेच दिसलं. बाहेरच्या बागांमधून थोडे ढालकिडे उडत येतात असं धरून समीकरणाला एक छोटं पद जोडायचं, आणि एकापेक्षा कमी किडा उरला तर तो शून्य समजायचा. कॉम्प्युटरवर पुन्हा चालवायला एक दुपार. निष्कर्ष थोडा बदलला असता, प्रबंध वाचला असता.

सांगायचं ठरवलं होतं. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. जेवताना भाई सासऱ्यांचं पत्र वाचून दाखवत होते, ते रंगात आले होते. मग वहिनींनी चहा आणला. मग उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना मला ते वाक्य सुचलं. फार चांगलं वाक्य होतं. मी ते आधी मराठीत म्हणून पाहिलं, मग इंग्रजीत, मग इंग्रजीतले दोन शब्द कमी केले. असं वाक्य एखाद्या जेवणखोलीत दोघांत खर्चून टाकायचं मला जिवावर आलं. प्रबंध टायपिंगला गेला, बांधून आला, बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. दोन महिने ते वाक्य मी खिशात घेऊन हिंडत होतो आणि दर शुक्रवारी जेवत होतो.

प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला तिथे मुनाकशा म्हणतात. नाव परीक्षेचं, पण तो खरा समारंभच. झुंबरं लावलेला हॉल, हिरवा गालिचा, पहिल्या रांगेत सोनेरी काठाचे बिश्त पांघरलेली बडी मंडळी, मधून फिरणारी बखूरची धुपाटणी, छोट्या पेल्यांतून कडू कॉफी. परीक्षक युरोपातून विमानाने आणलेला. शेजारच्या खोलीत मिठाईची ताटं आधीच मांडून ठेवलेली, कारण ह्या परीक्षेत नापास होण्याची पद्धत नव्हती. परीक्षकांचे प्रश्न झाले की अध्यक्ष श्रोत्यांना विचारत, कुणाला काही शंका आहे का? हा नुसता शिष्टाचार. सगळे गप्प बसत, अध्यक्ष ‘मबरूक’ म्हणून अभिनंदन करत आणि लोक मिठाईकडे जात.

भाईंनी बत्हाच्या बाजारातल्या शिंप्याकडून लोकरी सूट शिवून घेतला होता. तासभर ते चांगले बोलले. बागेतली निरीक्षणं सांगताना तर फारच चांगले. परीक्षकाने एका संदर्भाचं वर्ष चुकलंय म्हणून सांगितलं, किडीच्या लॅटिन नावातलं एक अक्षर दुरुस्त केलं आणि बाहेरच्या उष्म्याबद्दल सहानुभूती दाखवली. अध्यक्षांनी श्रोत्यांकडे बघून ठरलेला प्रश्न विचारला.

मी हात वर केला. भाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. आपल्या माणसाने एखादा सोपा प्रश्न काढलाय, उत्तर देताना आपण अजून थोडे चमकू, असं त्यांना वाटलं असावं.

“तिसऱ्या आकृतीत,” मी म्हणालो, “बागेत एका ढालकिड्याचा दहा हजारावा भाग शिल्लक राहतो आणि त्याच्यापासून पुढची पिढी होते. मला एवढंच विचारायचंय की तो भाग नराचा आहे की मादीचा?”

परीक्षक हसला. मग प्रमुख हसले. पहिल्या रांगेत कुणीतरी अरबीत अर्थ सांगितला आणि तिथे हसू उशिरा पोचलं, पण पोचलं तेव्हा जास्त टिकलं. भाईसुद्धा हसले. दोस्ताने गंमत केली म्हणून मोकळेपणाने हसले आणि हसत हसतच त्यांनी प्रबंधाचं ते पान उघडलं. त्यांचं बोट आकृतीवरून खाली आलं, तळाच्या रेघेवर थांबलं आणि तिथेच राहिलं.

“हे अंदाजे धरलेलं आहे,” ते म्हणाले. “संख्या अगदी लहान असते तेव्हा…”

माझ्याकडे दुसरं वाक्यही तयार होतं. “आणि लग्न कुणाशी करतो?”

ह्या वेळी पहिली रांगही अर्थ कळायची वाट न बघता हसली.

प्रमुख उठून उभे राहिले. ते समीकरण त्यांचं होतं हे त्या हॉलमध्ये तिघांनाच ठाऊक होतं: त्यांना, भाईंना आणि मला. “ह्या गृहीतकाबद्दल मला सुरुवातीपासून शंका होती,” ते म्हणाले. भाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर प्रबंध वाचला नसता, पण प्रमुख बुडाले असते. असं काही त्यांच्या मनात आलंसुद्धा नसेल. ते कॉलेजातले मास्तर होते, वरिष्ठाला चारचौघांत उघडं पाडायचं नसतं एवढं त्यांना येत होतं.

एरवी दहा मिनिटांत होणारा निकाल तासाने आला. प्रबंध ‘मूलभूत दुरुस्तीसाठी’ परत. मिठाईची ताटं तरीही उघडली गेली. मीही एक तुकडा घेतला. परीक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाला, “उत्तम प्रश्न. तुम्ही कोणाकडे काम करता?”

मूलभूत दुरुस्तीला वर्ष लागणार होतं आणि करार दोन महिन्यांत संपत होता. भाईंनी मुदतवाढीचा अर्ज दिला. प्रमुखांनी त्यावर असं टिपण लिहिलं की विभागाची शिस्त टिकवण्यासाठी ही जागा नव्या उमेदवाराला देणं बरं. आस्थापना कार्यालयातला सौदी कारकून भला माणूस होता. त्याने भाईंना बसवलं, चहा दिला, फाइल दोनदा वाचली आणि हळूच म्हणाला, “खलास, या दुक्तूर.” डॉक्टर म्हणून त्यांना कुणी हाक मारायची तिथली ती शेवटची वेळ. नवा उमेदवार मी होतो.

मुनाकशानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी जाणार नव्हतो. पण भाईंचा फोन आला: “येणार ना? बायकोने मासे आणलेत.” गेलो. वहिनींनी दार उघडलं.

“भावजी, तुम्ही प्रश्न विचारलात म्हणे.”

“हो.”

“चांगला होता, हे सांगत होते. सगळे हसले म्हणे.” त्यांनी माझ्या हातातली फळांची पिशवी घेतली. “मला नाही समजला. पण मला ह्यांचा प्रबंधही समजत नव्हता. बसा.”

धाकटी मुलगी गृहपाठ करत होती. वर न बघता म्हणाली, “अंकल, डिड यू मेक पापा फेल?”

“गप गो,” वहिनी आतून म्हणाल्या. “पाहुण्यांशी असा बोलतात?”

ताटात पडेल ते सगळं मी संपवलं.

जायच्या आठवड्यात भाई मला बत्हात घेऊन गेले. ब्लँकेटं, दोन मोठ्या बॅगा, सासऱ्यांसाठी घड्याळ. परत जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. नोकरी गेलेल्याने तर मुळीच नाही. खरेदी झाल्यावर एका मलबाऱ्याच्या चहाच्या दुकानात बसलो. त्यांनी खिशातून कागद काढला, माझ्यापुढे पेन ठेवलं.

“आता सांग. काय करायला हवा होता?”

मी ते छोटं पद लिहिलं. बाहेरून येणारे ढालकिडे, आणि एकाखाली गेलं की शून्य. त्यांनी एकदा वाचलं.

“एवढाच?”

“एवढंच.”

“किती वेळ लागला असता?”

“एक दुपार.”

त्यांनी चहात साखर घातली, ढवळली. “तुझ्या कधी लक्षात आला?”

“आकृत्या काढत होतो तेव्हा.”

“म्हणजे टायपिंगच्या आधी.”

“दोन दिवस आधी.”

“मग रे?”

उत्तरं बरीच होती. तुम्ही रंगात होता, वहिनींनी चहा आणला, विज्ञानात सत्य जाहीरपणे सांगायचं असतं. ह्यातलं शेवटचं मी प्रमुखांना आणि परीक्षकाला सांगून झालं होतं आणि त्यांना ते पटलं होतं.

“वाक्य चांगलं जमलं होतं,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. चुकलेला पेपर तपासताना, कुठे तरी एखादा गुण देता येतो का म्हणून मास्तर बघतो, तसं. “होता खरा,” ते म्हणाले. “माझ्या वर्गात कुणी असा बोलला असता तर मीही हसलो असतो.” मग: “जागा तुलाच देतायत म्हणे.”

“हो.”

“क्वार्टरच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. आल्या आल्या तक्रार दे, महिना लावतात.”

तेवढ्यात अजान झाली. नमाजापुरती दुकानं बंद ठेवावी लागत, म्हणून मलबाऱ्याने शटर अर्धं खाली ओढलं, दिवे मालवले. भाई नमाजाला गेले. मी अंधारात त्यांच्या ब्लँकेटांशेजारी बसून राहिलो. ते परत येणार नाहीत, बॅगा तेवढ्या मागाहून नेतील असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

पण ते आले, आणि घाईने आले. बसायच्या आधीच त्यांनी कागद ओढून घेतला.

“अरे, तुझा हा पद पण चुकलाय. नमाजात सुचला, अल्ला माफ करो. तू धरलायस की ढालकिडे बाहेरून रोज थोडे थोडे येतात. तसे नाही येत. झाडांखाली लसूणघास लावलेला असतो गुरांसाठी, ढालकिडे त्यात राहतात. घास कापला की त्याच दिवशी सगळे उठून झाडावर जातात. मी पाहिलाय. अंगावर बसतात. म्हणजे रोज थोडे नाही, कापणीच्या दिवशी एकदम.” त्यांनी माझं पद खोडलं आणि वर नवीन लिहिलं. “आणि बाग दोन भागांत धर, झाडं वर आणि घास खाली. वर मेले तरी खाली असतात. म्हणून ते परत येतात. येतात हे खराच आहे ना, दर वर्षी येतात. मला ठाऊक होता येतात. कसे येतात तेवढा मी लिहिला नव्हता.”

मी कागद पाहिला. पाच वर्षांत आमच्या विभागात झालेलं ते पहिलं जीवशास्त्र होतं. प्रमुखांच्या समीकरणापेक्षा फार चांगलं होतं, माझ्यापेक्षाही.

“भाई, हे लिहून काढा,” मी म्हणालो. “तिथून पाठवा. कुणीतरी छापेल.”

“तिथून?” ते म्हणाले. “तिथे मी सासऱ्याच्या गोडाऊनला बसणार आहे, पुणेकर. कॉम्प्युटर कुठला?” त्यांनी कागदाची घडी घालून माझ्यापुढे सरकवली. “ठेव. तुझ्या उपयोगी पडेल.”

पडला. दोन वर्षांनी माझा प्रबंध झाला, त्याचं चौथं प्रकरण म्हणजे तो कागद. ऋणनिर्देशात मी भाईंचं नाव घातलं होतं. अनुत्तीर्ण उमेदवाराचा उल्लेख बरा दिसत नाही म्हणून प्रमुखांनी ते खोडलं, आणि मी ते पुन्हा लिहिलं नाही.

मुनाकशाला परीक्षक तोच होता. त्याने चौथ्या प्रकरणाचं तोंडभरून कौतुक केलं. असली कल्पना टेबलाशी बसून सुचत नाही, तो म्हणाला. ही तुम्हाला कुठे मिळाली?

“बागेत जाऊन,” मी सांगितलं. मी तोवर एकाही बागेत पाऊल ठेवलं नव्हतं. अध्यक्षांनी श्रोत्यांना शंका विचारली. कुणाला काही शंका नव्हती.